ऐवजदार

नागपूर महापालिकेत कायम कामगाराच्या जागी जो झाडू हातात घेतो, त्याला ‘ऐवजदार’ म्हणतात. माझ्या नागपूरच्या मावसबहिणीच्या बोलण्यात हा शब्द सहज येऊन गेला. मी तेव्हा फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून फोडणी करत होते. मोहरी संपली होती, म्हणून जिऱ्यावर भागवत होते. आणि एकदम डोक्यात उजेड पडला, की समोरच्या मिसळणाच्या डब्यात बसलेत ते कोण! बत्तीस वर्षं ज्यांच्याकडून कामं करून घेतली, त्यांचा हुद्दा मला आज कळला.

ह्या ऐवजदारांची मोठी भरती आमच्याकडे गेल्या वर्षी झाली. आमच्या ह्यांच्या वार्षिक तपासणीत रक्तदाब १६०/१०० निघाला. डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. गोळी लिहिता लिहिता म्हणाले, “मीठ कमी करा, तेल कमी करा, लोणची-पापड बंद. आणि चवीसाठी जे काय वापरता ते जरा बदला.” डॉक्टरांनी ‘बदला’ म्हटलं आणि आमच्या ह्यांनी तो घेतला.

हे रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं जमा आणि नावे जुळवण्यात गेलेली. डावीकडून एक रक्कम उचलली की उजवीकडे तेवढीच दाखवावी लागते, ह्यावर त्यांची देवावर आहे त्याहून जास्त श्रद्धा. घरी आल्या आल्या जुन्या डायरीचं एक पान मधोमध आखलं. डावीकडे लिहिलं ‘बंद’, उजवीकडे ‘ऐवजी’. ज्या माणसाला चहाचा डबा कुठल्या फळीवर असतो हे बत्तीस वर्षांत माहीत नव्हतं, तो माझ्या ओट्यापाशी कानाला पेन्सिल लावून उभा राहिला.

पहिली नोंद झाली ती मिठाची. मीठ बंद, ऐवजी सैंधव. गुलाबी खड्यांचं एक पाकीट घरात आलं. नेहमीच्या मिठाच्या पाचपट किंमत, आणि वर बर्फाच्छादित हिमालय. ह्या गुलाबी मिठाची नावाजलेली खाण पाकिस्तानातल्या पंजाबात खेवड्याला आहे आणि हिमालय तिथून बराच लांब. पण पाकिटावर खाणीपेक्षा शिखर शोभतं. “बीपीवाल्यांना हे चालतं,” असं सकाळच्या फिरण्यातल्या मंडळाने एकमताने ठरवलेलं होतं. चालतं म्हटल्यावर हे सढळ हाताने वापरू लागले. खडे जाड, लवकर विरघळत नाहीत, म्हणून वरून आणखी एक चिमूट. काकडीवर सैंधव, ताकात सैंधव, पेरूच्या फोडीवर सैंधव. महिन्याने दाब निघाला १६४.

“काका, मीठ कमी केलंत ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“कमी? बंद केलंय!” हे छाती काढून म्हणाले.

“मग जेवणात काय घालता?”

“सैंधव.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “काका, सैंधव म्हणजेसुद्धा सोडियम क्लोराईडच. रंग निराळा, एवढंच. शिवाय त्यात आयोडीन घातलेलं नसतं.” एकच रक्कम दोन खात्यांत धरली गेल्याचं मार्चअखेरीला लक्षात यावं, तसा ह्यांचा चेहरा झाला.

दुसरी नोंद कमी सोडियमच्या मिठाची. हा उमेदवार त्यातल्या त्यात कागदपत्रं घेऊन आलेला होता. ह्यात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं, त्यामुळे दाबाला खरंच मदत होते. पण डॉक्टरांनी आधी ह्यांचं क्रिएटिनिन तपासलं, चालू गोळीचं नाव पुन्हा वाचलं आणि मग होकार दिला. मूत्रपिंड कमजोर असलं किंवा दाबाच्या काही ठराविक गोळ्या चालू असल्या, तर रक्तात पोटॅशियम साठून जिवावर बेतू शकतं. आमच्या सासूबाईंना किडनीची जुनी तक्रार, त्यांना हे मीठ साफ वर्ज्य. तरी चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्यांची चौकशीची हौस गेलेली नाही. बोटाच्या टोकावर एक कण घेतला, जिभेला टेकवला आणि निकाल दिला, “ह्या मिठाला गंज चढलाय गं.” पोटॅशियमची ती कडवट चव. एका कणात ओळखली.

मिठाचं प्रकरण तात्पुरतं तहकूब करून हे कोथिंबिरीकडे वळले. पावसाळ्याचे दिवस. जुडी पन्नास रुपयांना, आणि त्यातही निम्मा चिखल. सकाळी मी पोहे केले आणि दूध घ्यायला दारापर्यंत गेले. परत येते तो पोहे वाळवंटातून चालत आल्यासारखे दिसत होते. ह्यांनी वरून दोन चमचे धनेपूड भुरभुरली होती.

“हे काय?”

“कोथिंबिरीऐवजी. एकाच झाडाचे ना दोन्ही?”

“एकाच झाडाचे म्हणून काय झालं? तुम्ही आणि भाऊजी एकाच आईचे. म्हणून बोहल्यावर तुमच्याऐवजी ते उभे राहिले असते तर चाललं असतं का मला?”

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, “तेव्हा विचारलं असतंस तर बघितलं असतं!”

हसता हसता पोहे गार झाले. पण मुद्दा खरा आहे. कोथिंबिरीचं पान हा शेवटच्या मिनिटाचा पाहुणा. आच लागली की त्याचा वास निघून जातो, म्हणून गॅस बंद करून ते वर पडतं. धने उलट, कोरडे भाजल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. एक झाड, दोन स्वभाव. अशी भावंडं प्रत्येक घरात असतात.

मग कसुरी मेथी. मी बाहेरगावी गेले असताना ह्यांनी मेथीची डाळभाजी करायला घेतली. पुस्तकात ‘मेथी, १ जुडी’. बाजारात जुडी मिळाली नाही. घरात कसुरी मेथीचं पाकीट होतं. एक जुडी म्हणजे एक पाकीट, हिशेब जुळला! वाळलेल्या पानातलं पाणी गेलेलं असतं, वास मात्र जागचा हललेला नसतो. तीन चमचे ओल्या पानाच्या जागी एक चमचा सुकं, हे साधारण माप. कसुरी मेथीला तर तेवढंही जास्तच होतं. ती भाजी मी खाल्ली नाही, पण परत आले तेव्हा जिन्यातच तिची भेट झाली. लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, “बाळंतीण आलीय का गं तुमच्याकडे?”

ह्यांच्या वहीवर हसण्याचा मला खरा तर अधिकार नाही. मीही ह्या घरात आले ती चुकीच्या ऐवजदाराला घेऊनच. माझं माहेर रत्नागिरीचं, सासर साताऱ्याकडचं. माहेरी आंबट म्हणजे आमसूल, सासरी आंबट म्हणजे चिंच. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात चिंच संपली. मी माहेरच्या पुरचुंडीतली चार आमसुलं आमटीत टाकली. जेवायला बसल्यावर सासूबाईंनी वाटीतून एक काळं साल चमच्यावर उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं.

“हे काय पडलंय?”

“आमसूल आहे, आई. चिंच संपली होती.”

त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा. माझा जीव तिसऱ्या घोटात. “आंबटपणा आलाय,” त्या म्हणाल्या, “पण आमटीला अंग नाही.”

ह्या एका वाक्यात जे होतं ते मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. चिंचेचा कोळ आंबट करतो आणि त्याबरोबर दाटपणाही देतो, काळपट रंगही देतो. आमसूल आंबट करतं आणि बाकीच्या भानगडीत पडत नाही. म्हणजे चिंच एकटी तीन जणांचं काम करत होती आणि मी बदलीवर एकालाच पाठवलं होतं. सासूबाईंनी त्या दिवशी दिलेला नियम मी आजवर मोडलेला नाही: “जिन्नसाचं नाव काय बघतेस? तो तिथं कशाला आलाय, ते बघ.”

मोडलेला नाही म्हणाले, पण एकदा मोडला. अळूचं फदफदं. ‘हलकं’ करायचं म्हणून चिंच आणि गूळ दोन्ही काढले आणि टोमॅटो घातला. रंग सुंदर, वास सुंदर. पहिल्या घासानंतर सगळे गप्प झाले. दुसऱ्या घासानंतर खाकरायला लागले. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक कण असतात, ते घशाला टोचतात. चिंच तिथे चवीसाठी कमी आणि खाज मारण्यासाठी जास्त आलेली असते. आमसूल हे काम करू शकतं, टोमॅटोचा आंबटपणा तिथे तोकडा पडतो. शाळेत मी पंचवीस वर्षं शिकवलं. गणिताच्या बाई रजेवर गेल्या की ऑफ तासाला पी.टी.चे सर येऊन बसायचे. वर्ग शांत राहायचा, तास भरायचा. गणित मात्र जिथे होतं तिथेच. माझा टोमॅटो हा पी.टी.चा सर निघाला.

आमचे चिरंजीव पुण्यात नोकरीला. महिन्यातून दोनदा घरी येतात आणि येताना आरोग्य घेऊन येतात. मागे एकदा त्याने सूपची कृती आणली. त्यात थाईम, बेसिल, ओरेगॅनो. बोटभर उंचीच्या काचेच्या बाटल्या, आत वाळलेला पाला. दीडशे रुपयांची थाईमची बाटली उघडून त्याने माझ्या नाकाशी धरली. मी म्हटलं, “अरे, हा तर ओवा!”

“आई, काहीही! हे युरोपमधलं आहे.”

युरोपमधलं असेल, पण वास खोटं बोलत नाही. थाईमचा वास ज्या थायमॉलमुळे येतो, तेच थायमॉल ओव्यात भरपूर असतं. आपल्याकडच्या दुकानात ‘ओव्याचं फूल’ म्हणून जे पांढरे खडे मिळतात, ते तेच. पुढच्या खेपेला मी काही न सांगता सूपमध्ये अर्ध्या चमच्याला पाव चमचा ह्या हिशेबाने ओवा चुरडून घातला. आपला ओवा अंगाने दांडगा, त्याला कमीच बोलवावा. चिरंजीव दोन वाट्या प्यायले. “परफेक्ट इटालियन,” म्हणाले. मी म्हटलं, “ओवा होता.” त्याने आणखी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “हो, आता ओव्यासारखं लागतंय.”

बेसिलवरून तर घरात महाभारत झालं. बाटली संपली म्हणून तो थेट गॅलरीतल्या वृंदावनापाशी गेला आणि तुळशीची पानं खुडायला लागला. संध्याकाळची वेळ. सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. “अरे, ही आपल्याकडे कार्तिकात लग्नाची मुलगी असते. ही सॉसात जायची नाही!” धर्माचा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्यांचं बरोबर होतं. तुळस आणि ते बेसिल एकाच कुळातले, पण तुळशीचा वास लवंगेच्या वाटेने जातो, तिखट आणि कडवट. त्या सॉसची गोडसर हिरवी चव तिच्यात नाही. मग मी फालुद्यासाठी आणलेला सब्जा घेतला आणि चिमूटभर एका कुंडीत टाकला. सब्जा म्हणजे त्याच गोड बेसिलचं बी. आठवड्यात रोपं वर आली, महिन्या-दीड महिन्यात पानं खुडण्याजोगी झाली. आता तुळस पूर्वेला, बेसिल पश्चिमेला. सासूबाई दोघींनाही पाणी घालतात, पण नमस्कार एकीलाच करतात.

ह्याच चिरंजीवांनी एकदा कॉफीच्या दुकानात २८० रुपये देऊन ‘टर्मरिक लाटे’ घेतलं आणि त्याचा फोटो आजीला दाखवला. आजी म्हणाली, “म्हणजे हळदीचं दूध? तुला बरं नव्हतं का रे?” आजीच्या हिशेबात हळदीचं दूध हे आजाऱ्याला फुकट द्यायचं असतं, निरोग्याने विकत घ्यायचं नसतं. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआर ह्या वैज्ञानिक संशोधन संस्थेने, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन लढा दिला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. हळद आपली ठरली. मग ती दुधातून २८० रुपयांना परत आली. ‘पी हळद नि हो गोरी’ म्हणतात त्यातला उतावीळपणा आता गोरेपणासाठी राहिला नाही, प्रतिकारशक्तीसाठी आलाय.

पण कोण आपलं आणि कोण परकं, हे ठरवायला मी जात नाही. कारण मिसळणाच्या डब्यात मधोमध जी लाल वाटी आहे, ती इतिहासातली सगळ्यांत मोठी ऐवजदार. १४९२ साली कोलंबस निघाला होता हिंदुस्थानच्या मसाल्यांच्या शोधात, काळी मिरी त्यात आघाडीवर. पोहोचला भलत्याच खंडात. तिथे त्याला एक तिखट फळ सापडलं. मिरी मिळाली नाही असं स्पेनच्या राणीला सांगणार कसं? त्याने त्या फळालाच मिरीचं नाव देऊन टाकलं. वहीत आकडा जुळवायची ही रीत रेल्वेच्या हिशेब खात्याहून जुनी आहे! पुढे पोर्तुगीजांनी ते फळ आपल्या किनाऱ्यावर आणलं. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा होता तो मिरीचा, पिंपळीचा, आल्याचा. मिरची बदलीवर आली. घरच्या परसात उगवते, स्वस्त पडते, म्हणून राहिली. आज कोल्हापूरच्या माणसाला सांगा, की तुझा तांबडा रस्सा हा बदली कामगाराच्या जिवावर चाललाय. त्याच्या नाकाला ज्या झोंबतील त्याही मिरच्याच. आणि कायम नोकरीतली मिरी आता कुठे असते? खोकल्याच्या काढ्यात.

उपवासाचं ताट घ्या. खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा, तो कंद दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा तिथलाच. हिरवी मिरची त्याच बाजूची. जिरं पश्चिमेकडून आलेलं. तूप तेवढं घरचं. एकादशीला गहू-तांदळाच्या ऐवजी जेवढे परदेशी जमा झाले तेवढे सगळे सोवळ्यात घेतले गेले, आणि इथली जुनी मोहरी, हळद मात्र दाराबाहेर. त्यातही प्रत्येक घरचं संविधान निराळं. माहेरी उपवासाला कोथिंबीर चालायची, सासरी चालत नाही. सासरी लाल तिखट चालतं, माहेरी हिरवीच मिरची. लग्नानंतर पहिल्या एकादशीला मी दोन्हीकडचं जे चालतं ते सगळं घातलं. सासूबाई म्हणाल्या, “उपास कुणाचा आहे, आपला की खिचडीचा?”

चातुर्मासातलं हिंगाचं राज्य तर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याची भजी, थालीपिठं, झुणका असं सगळं चापून घ्यायचं आणि मग चार महिने कांदा-लसणाची जबाबदारी हिंगावर टाकायची. हिंगाला ते झेपतं, कारण त्याच्या वासातही कांदा-लसणासारखी गंधकाची संयुगं असतात. गंमत अशी, की हिंग स्वतःही परका. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येणारा. आपल्याकडे त्याची लागवड हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात सुरू झाली ती २०२० च्या ऑक्टोबरात. शिवाय डबीवरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचा. त्या डबीत हिंग थोडा, आणि डिंक नि पीठ बरंच. म्हणजे कांद्याच्या ऐवजी हिंग, आणि हिंगाच्या जागी बहुतेक मैदा. पोटकंत्राट म्हणतात ते हेच.

माझी नणंद दुबईला असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. ती अफूच्या बोंडातलं बी, त्यामुळे तिथला कायदा तिला मसाला मानत नाही. पहिल्या दिवाळीला तिने फोन केला. “वहिनी, तांदूळ तीन दिवस भिजवले, कांडले, गूळ मिसळला, पीठ मुरवलं. आता अनारसे थापायचे कशावर?” खसखशीशिवाय अनारसा ही कल्पनाच आम्हाला करवेना. मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी विचार करायला एक श्वास घेतला. “खसखस काय करते? खाली चिकटू देत नाही आणि दाताखाली येते. तीळ घे.” तिने तीळ घेतले. अनारसे फसफसले नाहीत, जाळी पडली, मुलांनी डबा संपवला. पुढे आम्ही काशीयात्रेला गेलो, तिथून गयेला. तिथल्या मिठाईच्या दुकानात अनरशांची रासच्या रास, सगळे तिळात घोळलेले. मी सासूबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, “बघ, माझं ह्यांनी उचललं.”

तर इतक्या ऐवजदारांना राबवून झाल्यावर आमच्या घरात काय टिकलं, ते सांगते. फोडणीचं तेल निम्म्यावर आलं, पण जिरं आधी नीट तडतडू देते; तेल कमी झालं की मसाला करपतो, म्हणून आच मंद. खोबऱ्याचं वाटण रोज होतं ते आठवड्यातून दोनदा. एरवी भाजलेल्या तिळाचा कूट दाटपणाचं काम करतो. गोड्या मसाल्यातलं दगडफूल संपलं तर मी काही घालत नाही. ते दगडावरचं शेवाळासारखं काहीतरी असतं असं मुलाला वाटायचं. ते शैवाक आहे, बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार. त्याचा तो मातकट, धुरकट वास दुसरं कोणी आणू शकत नाही. काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात, हे मला दगडफुलाने शिकवलं. साखरेऐवजी गूळ ही नोंद डॉक्टरांनी स्वतःच्या पेनाने खोडली, कारण गूळ म्हणजेही बहुतांश साखरच. बांगड्याच्या आमटीतली तिरफळं पावसाळ्यात संपली तेव्हा मुलाच्या चिनी पाकिटातली सिचुआन मिरी टाकली. ती तिरफळाची सख्खी चुलतबहीण निघाली, तशीच जीभ बधिर करणारी. आपल्या गाड्यांवरच्या शेजवान चटणीचं नाव त्याच सिचुआनवरून आलंय. बहुतेक चटण्यांत ती मिरी सोडून बाकी सगळं असतं.

आणि मीठ? वहीत मिठासमोर आता सहा नावं लिहिलेली आहेत. सैंधव, पादेलोण, समुद्री खडेमीठ… पहिली तिन्ही म्हणजे मिठाचेच भाऊबंद, कपडे बदलून आलेले. चौथं ते कमी सोडियमचं. ते ठेवलंय, पण एकट्या ह्यांच्या ताटापुरतं. पाचवं लिंबू, सहावी भाजलेली जिरेपूड. ही दोन्ही मिठाचं काम करत नाहीत. मिठाची आठवण येऊ नये म्हणून जिभेला दुसरीकडे बोलण्यात गुंतवून ठेवतात. ताटात वरून पिळलेलं लिंबू हे काम चांगलं करतं. शिजताना घातलेलं मीठ पदार्थाच्या पोटात शिरून बसतं, शेवटी वरून भुरभुरलेलं जिभेला आधी भेटतं आणि थोड्यात भागतं. कोशिंबिरीला तर पान वाढल्यावरच मीठ लावते, म्हणजे पाणीही सुटत नाही. पण हे सगळे दुधाची तहान ताकावर भागवण्याचे प्रकार. आणि त्या ताकातही मीठ असतंच.

शेवटी ह्यांनीच तोडगा काढला, आणि तो हिशेब खात्यातला होता. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही. लोणचं, पापड, फरसाण, पाव, सगळं त्यातच धरून. आम्ही घरात तिघं. मी रोज सकाळी एका छोट्या वाटीत चहाच्या तीन सपाट चमच्यांहून थोडं कमी मीठ काढून ठेवते आणि मिठाचा डबा वरच्या फळीवर चढवते. कणीक, डाळ, भाजी, ताक, सगळं त्या वाटीतून. संपलं की संपलं. पहिले दोन आठवडे हे जेवताना माझ्याकडे बघायचे नाहीत. दीड-दोन महिन्यांनी एका लग्नात पंगतीची आमटी तोंडात घातली आणि म्हणाले, “केवढी खारट केलीय!” शेजारी बसलेले त्यांचे मित्र तीच आमटी भुरकत होते. जीभच बदलली होती. गेल्या तपासणीत दाब १३४/८४ आला, गोळी अर्थात चालू आहे. वहीत मिठासमोर ह्यांनी सातवं नाव लिहिलं नाही आणि खाली सही केली.

तुम्हीही उद्या सकाळी माणशी चहाच्या एका सपाट चमच्याहून थोडं कमी मीठ वाटीत काढून ठेवा आणि ती किती वाजता रिकामी होते ते बघा. आमची पहिल्या दिवशी दुपारी एकला रिकामी झाली होती, आणि भाजी अजून व्हायची होती.